फडकं कुठे पिळलंत?

गेल्या महिन्यात बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रहिवाशांसाठी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. टेबलावर काचेच्या दोन बरण्या. एकीत मोरचूद विरघळवलेलं फिकट निळं पाणी, दुसरीत क्लोरेला नावाचं सूक्ष्म शेवाळ, वाटलेल्या पालकासारखं हिरवंगार. कंपनीच्या माणसाने हिरवं निळ्यात ओतलं, वीस मिनिटं ढवळलं, तुरटीचं पाणी घालून गुठळ्या खाली बसू दिल्या आणि सगळं चौपदरी मलमलीतून गाळून घेतलं. गाळलेल्या पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली. तांबं जवळपास गायब. टाळ्या पडल्या. ‘शेवाळ विष खातं,’ तो म्हणाला, ‘हे तुमच्या वृषभावतीत सोडलं की नदी आपोआप स्वच्छ होईल.’ पुन्हा टाळ्या.

मी मागे भिंतीजवळ उभी होते. टाळ्या चालू असतानाच त्यांच्यासोबत आलेला एक पोरगा, असेल अठरा-एकोणीस वर्षांचा, ते फडकं घेऊन नळाकडे आला. फडकं उलगडलं, धारेखाली धरलं, चोळलं आणि घट्ट पिळलं. हिरवा लगदा जाळीवरून घसरत गटारात गेला. पोराच्या हातात मोजे नव्हते. त्याच्या नखांच्या कडा हिरव्या झाल्या होत्या.

ते गटार राजकालुवेत जातं, म्हणजे पावसाळी नाल्यात, आणि तो नाला जातो वृषभावतीत. पट्टीवर जे तांबं ‘गेलं’ म्हणून दाखवलं, ते नदीच्याच वाटेला लावून ही माणसं बरण्या गुंडाळायला लागली. मी त्या माणसाला गाठून विचारलं, ‘फडकं कुठे पिळलंत?’ तो म्हणाला, ‘मॅडम, ते बायोमास आहे. नैसर्गिक असतं ते.’

मी चौतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. अकरावीच्या पहिल्याच महिन्यात मुलांच्या डोक्यात भरवायची गोष्ट अशी की मूलद्रव्य नष्ट होत नाही. कागद जळतो, साखर आंबते, मैला कुजतो. त्यातला कार्बन वायू होऊन निघून जातो, नायट्रोजनही फिरून हवेत परततो. शिशाला असं कुठे जायला जागा नाही. शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम, पारा यांचं संयुग बदलेल, विषारीपणा कमी-जास्त होईल, पण माल तेवढाच राहणार. म्हणून धातूच्या बाबतीत एकच प्रश्न विचारायचा असतो: आता तो आहे कुठे? ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही त्याने नदी स्वच्छ करण्याच्या गोष्टी करू नयेत, आणि लोकांकडून त्यासाठी वर्गणी तर मुळीच मागू नये.

शेवाळावर माझा राग नाही. जे ते करतं ते मी शिकवलेलं आहे आणि ते सुंदर आहे. पेशीची भिंत शर्करा आणि प्रथिनांनी विणलेली असते. तिच्यावर कार्बॉक्सिल, फॉस्फेट, अमिनो, सल्फहायड्रिल असे गट लटकलेले असतात. त्यांतले बरेचसे ऋणभारित, त्यामुळे पाण्यातले धनभारित धातू येऊन त्यांना चिकटतात. काही मिनिटांत काम होतं आणि त्यासाठी पेशी जिवंत असण्याचीही गरज नाही. वाळवून पूड केलेलं शेवाळसुद्धा धातू धरतं. जिवंत पेशी पुढे आणखी एक काम करते, सावकाश. धातू आत ओढून घेते आणि तो आपल्याला बाधू नये म्हणून फायटोकेलाटिन नावाच्या लहान साखळ्यांनी जखडून ठेवते.

धरतं. जखडतं. खात नाही. सगळी लबाडी या एका क्रियापदात आहे. ‘खातं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, गेलं, पचलं, संपलं. ‘धरतं’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: धरून कुठे बसलंय, आणि ते बाहेर कोण काढणार? म्हणून ही मंडळी ‘धरतं’ म्हणत नाहीत.

आता हे ज्या नदीत सोडणार, तिच्याविषयी. ती आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर उगम पावते. काडु मल्लेश्वराच्या देवळासमोर नंदीतीर्थ आहे. १९९७ साली जमीन खणताना ते पुन्हा उजेडात आलं. दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडते आणि पुढे कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या कुंडात, साठते. वृषभावतीचा एक उगम हाच मानतात. मराठी माणसाला इथे उभं राहिल्यावर आणखी एक गोष्ट आठवली पाहिजे. याच देवाला, तेव्हाच्या मल्लपुरच्या मल्लिकार्जुनाला, १६६९ सालच्या शिलालेखानुसार एकोजीराजांनी, शिवरायांच्या सावत्र भावाने, मेदरनिंगनहळ्ळी गाव इनाम दिलं. ते गाव म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेचा, इथल्या जुन्या लोकांच्या तोंडच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’चा परिसर. मल्लेश्वरमची मराठी घरं हे अभिमानाने सांगतात, पाहुण्यांना देऊळ दाखवायला नेतात. त्या पाहुण्यांना पुढे मैसूर रस्त्यावर नेऊन तीच नदी कुणी दाखवत नाही. गाळी आंजनेयाच्या देवळाजवळून जाताना गाडीच्या काचा वर करतात.

उगम आणि गटार यांच्यामध्ये घडतं काय, तर शहराचा मैला येऊन मिळतो आणि पीण्या येऊन मिळतं. १९७०च्या दशकात उभी राहिलेली ही औद्योगिक वसाहत आशियातल्या मोठ्या वसाहतींमध्ये गणली जाते. तिथे मोठे कारखाने आहेत तसे पत्र्याच्या शेडमधले शेकडो छोटे उद्योग, आणि त्यांत प्लेटिंगची युनिटं. स्क्रू, नळ, मोटारसायकलचे भाग, दाराच्या कड्या, सगळ्यांना चकाकी देणारी. क्रोमिक ॲसिडच्या टाकीतून भाग बाहेर काढला की तो धुवावा लागतो, आणि प्रत्येक धुण्यात थोडं क्रोमियम पाण्याबरोबर जातं. पीण्याच्या भूजलात षट्‌संयुजी क्रोमियम सापडलेलं आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.०१, कॅडमियमची ०.००३. इतक्या बारीक आकड्यांवर माणसाची मूत्रपिंडं आणि पोरांचे मेंदू अवलंबून असतात.

आणि हेच षट्‌संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून असतं, म्हणजे ऋणभारित. शेवाळाची भिंतही ऋणभारित. ते सहजासहजी चिकटत नाही. पाणी चांगलं आम्लधर्मी असेल आणि क्रोमियमचं त्रिसंयुजी रूप होत असेल, तर गोष्ट वेगळी. मैलापाणी वाहणाऱ्या नदीत तशी परिस्थिती नसते. म्हणजे वृषभावतीचा जो खास धातू आहे, नेमका तोच हे ‘नदीत सोडलेलं शेवाळ’ नीट धरणार नाही. प्रात्यक्षिकासाठी मोरचूद का निवडला असेल, हे मला विचारायची गरज नव्हती. तांबं पटकन चिकटतं.

हिशेबही करून बघा, पाचवीच्या मुलाला जमेल. समजा दिवसाला दहा लाख लिटर पाणी आहे आणि लिटरला एक मिलिग्रॅम धातू. म्हणजे रोज एक किलो धातू. एक ग्रॅम कोरडं शेवाळ वीस मिलिग्रॅम धातू धरतं असं मानू. इतक्या विरळ पाण्यात तेवढं धरेल ही मी देत असलेली सवलत आहे. तरी रोज पन्नास किलो कोरडं शेवाळ लागेल. वाढवलेल्या शेवाळात लिटरला एखादा ग्रॅम माल असतो, म्हणजे रोज पन्नास हजार लिटर हिरवं पाणी गाळून त्यातून काही हजारांश मिलिमीटरच्या पेशी वेगळ्या करायच्या. ते वाढवायला पाऊण-एक एकराचं उथळ तळं हवं. एवढं केल्यावर हाती काय येतं? रोज पन्नास किलो विषारी चोथा. आणि हे फक्त दहा लाख लिटरचं. वृषभावती रोज त्याच्या शेकडो पट पाणी वाहून नेते. तो चोथा घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांखाली येतो, त्याला बंदिस्त जागी न्यावं लागतं, त्याची नोंद ठेवावी लागते. त्या पार्किंगमधल्या सादरीकरणात गाळण्याचा खर्च नव्हता, चोथा नेण्याचा खर्च नव्हता, चोथ्याची जागा नव्हती. एक पोरगा होता आणि एक नळ होता.

न काढता सोडून दिलेलं शेवाळ काय करतं, हे जगाला ठाऊक आहे. जपानमधल्या मिनामाटा उपसागरात चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा जात होता. तो सूक्ष्म जीवांनी धरला, ते जीव लहान माशांनी खाल्ले, ते मोठ्या माशांनी, मासे कोळ्यांच्या ताटात. दर पायरीला पारा दाट होत गेला. आधी मांजरं तडफडून मेली, मग माणसं वाकडी झाली. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली आणि कारखान्याने १९६८पर्यंत पारा सोडणं चालू ठेवलं. सूक्ष्म शेवाळाचा जो गुण बरणीत दाखवून टाळ्या मिळवल्या, त्याच जातीच्या गुणाने तिथे विषाला समुद्रातून ताटात यायची शिडी दिली. नदीत, तळ्यात शेवाळ सोडून देणारे लोक विष काढत नाहीत, ते विषाला अन्नात घालतात.

आमचं ताट फार लांब नाही. वृषभावती केंगेरीवरून बिडदीजवळच्या बैरमंगल तलावात जाते आणि त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेती होते. भाजी, मका, जनावरांचा चारा, तुती. पुढे ती अर्कावतीला आणि अर्कावती कावेरीला मिळते. आठव्या क्रॉसवर सकाळी सोप्पू, म्हणजे पालेभाजी घेऊन बसणाऱ्या अक्कांना मी परवा विचारलं, ही कुठली? म्हणाल्या, ‘बिडदी कडेयदु.’ बिडदीकडची. राजगिरा, पालक, मेथी, पाणी शिंपडून ताजी ठेवलेली, जुड्या केळीच्या सोपट्याने बांधलेल्या. त्यांच्या भाजीत काय आहे, काय नाही, हे मला माहीत नाही, त्यांनाही नाही. त्यांच्या घरची पोरं तीच भाजी खातात. मी दोन जुड्या घेतल्या, घरी येऊन तीन पाण्यांतून धुतल्या, आणि धुताना मला माहीत होतं की मुळांतून आत गेलेला धातू धुण्याने निघत नाही.

मग शेवाळ कुठे वापरायचं? जिथे धातू घट्ट आहे आणि वाट अरुंद आहे तिथे: कारखान्याच्या मोरीपाशी. हे मी घरी बसून काढलेलं नाही. १९८०च्या दशकात न्यू मेक्सिकोत डेनिस डार्नल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला सिलिका जेलमध्ये पक्कं बसवून त्याचे स्तंभ तयार केले, ‘अल्गासॉर्ब’ नावाने. दूषित पाणी स्तंभातून सोडायचं, धातू आत अडकतो. स्तंभ भरला की आम्लासारख्या द्रावाने धुऊन धातू घट्ट द्रावणात परत मिळवायचा आणि स्तंभ पुन्हा वापरायचा. यात शेवाळ कुठेही मोकळं सुटत नाही. धातू आला किती, अडकला किती, निघाला किती, सगळं वहीत लिहिता येतं. शेवाळाचा धातूसाठी वापर म्हणायचं तर तो असा.

जक्कूरचं उदाहरण लगेच तोंडावर फेकलं जातं, म्हणून तेही सांगून टाकते. उत्तर बेंगळुरूतल्या जक्कूर तळ्यावर मैलापाणी आधी शुद्धीकरण केंद्रात, मग पाणवनस्पतींच्या दलदलीत, शेवाळाच्या उथळ पाण्यात, आणि मग तळ्यात जातं. विज्ञान संस्थेतल्या टी. व्ही. रामचंद्र यांच्या गटाने त्याचा बारकाईने अभ्यास केला. या माणसाने या शहराच्या तळ्यांसाठी जेवढं लिहिलं आणि मोजलं तेवढं क्वचितच कुणी केलं असेल. जक्कूरचं यश नायट्रोजन-फॉस्फरसचं आहे, मैल्याचं आहे. नायट्रोजन हवेत जाऊ शकतो. क्रोमियम जाऊ शकत नाही. घरगुती सांडपाण्याचं यश उचलून प्लेटिंगच्या पाण्याला चिकटवणं हा अडाणीपणा असेल तर दुःखाची गोष्ट, आणि कळून-सवरून केलेलं असेल तर गुन्हा.

माझा एक जुना विद्यार्थी पीण्यात प्लेटिंगचं छोटं युनिट चालवतो. बेळगावचा मुलगा, घरात मराठी बोलणारा. मी त्याच्याकडे गेले होते. आत शिरल्यावर घशाला झोंबणारा वास, टाक्यांवर पिवळट-नारिंगी वाफेचे डाग, खाली ओल्या सिमेंटवर लाकडी फळ्या. मागच्या बाजूला त्याची स्वतःची शुद्धीकरणाची टाकी आहे. आम्ल करून सोडियम मेटाबायसल्फाइट घालतो, नारिंगी पाणी हिरवट होतं, म्हणजे षट्‌संयुजीचं त्रिसंयुजी झालं. मग चुना घालतो, हिरवा-करडा गाळ खाली बसतो. तो गाळ दाबून पिशव्यांत भरतो आणि त्या पिशव्या डोब्बस्पेटच्या घातक कचरा केंद्रात जातात. पावत्या त्याने मला फाइलमधून काढून दाखवल्या. मग म्हणाला, ‘मॅडम, शास्त्र सगळ्यांना येतंय बघा. गाळ न्यायला पैसे मोजावे लागतात. गटार फुकट आहे. मी पैसे मोजतो म्हणून माझा रेट चार आणे जास्त, गिऱ्हाईक शेजारच्या शेडमध्ये जातंय की.’

शेजारच्या शेडमध्ये रात्री काय होतं ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. त्या शेडमागचा नाला मी पाहिला. काठावरच्या दगडांना पिवळी कड होती.

या मुलाला चार आण्यांचं संरक्षण द्यायला या राज्यात कुणी नाही. त्याच्यासारख्या पन्नास युनिटांनी मिळून एक सामायिक केंद्र चालवावं, तिथे गाळ नेण्याचा खर्च सरकारने उचलावा, शेजारच्या शेडचा नाला रात्री दोन वाजता तपासावा, यासाठी कुणी पार्किंगमध्ये सभा घेत नाही. त्याला फीत कापायची जागा नसते. हिरव्या पाण्याने भरलेला काचेचा स्तंभ चौकात उभा केला की छायाचित्र चांगलं येतं, खाली प्रायोजकाचं नाव लिहिता येतं, आणि ज्याने नाल्यात क्रोमियम सोडलं तोच वर्षाच्या शेवटी सामाजिक जबाबदारीच्या पैशातून त्या स्तंभाची देणगी देऊ शकतो. नदीच्या पाहणीसाठी उच्च न्यायालयाला नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेला बोलवावं लागतं, इथवर गोष्ट आली आहे. ती शास्त्र अपुरं पडलं म्हणून आलेली नाही. नाल्यात कोण काय सोडतं हे ठाऊक असणाऱ्यांनी ते ठाऊक नसल्याचं दाखवलं म्हणून आली आहे. हे उल्हासनगरच्या वालधुनी नदीकाठी राहणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

आणि आपण? सँकी तळं माझ्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर आहे. १८८२ साली कर्नल रिचर्ड सँकी यांनी बांधलेलं. विसर्जनासाठी तिथे वेगळी कल्याणी आहे, तळ्यापासून तोडलेली, आणि ती योग्यच आहे. मूर्तीच्या पितांबराचा झळझळीत पिवळा रंग जुन्या पद्धतीत लेड क्रोमेट असायचा, एकाच कणात शिसं आणि क्रोमियम. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत नव्वद भाग, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. मूर्ती रंगवणाऱ्याच्या डब्यात कोणता रंग आहे हे आपल्यातलं कोण विचारतं? वेगळ्या कल्याणीचं मोल एवढंच की रंग एका जागी राहतो आणि तिथून उचलता येतो. तरीही दरवर्षी कुणीतरी गाडी घेऊन येतं आणि ‘आमच्याकडे मोठ्या पाण्यातच सोडायची पद्धत आहे’ म्हणून कुंपणापाशी वाद घालतं. त्यांतले काही मराठीत वाद घालतात. मी त्यांना मराठीतच सुनावलं आहे आणि पुढच्या वर्षीही सुनावणार आहे.

परवा त्या कंपनीचा निरोप आला. येत्या रविवारी शेजारच्या अपार्टमेंटमध्ये पुन्हा प्रात्यक्षिक आहे, ‘मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीच्या आहात, दोन शब्द बोला.’ मी हो म्हटलं आहे. रबरी हातमोज्यांचा एक जोड त्या पोरासाठी घेतला आहे, आणि घरून झाकणाची बादली नेणार आहे. टाळ्या थांबल्या की सगळ्यांसमोर फडकं त्या बादलीत पिळायचं, झाकण लावायचं, आणि बादली गाडीत घालून कुठे नेणार त्या जागेचा पत्ता त्यांनी तिथेच उभं राहून सांगायचा.